गंधचिकित्सा : सुगंधी तेलांचा शरीरावर होणारा परिणाम

मध्य भारतातील उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना ओल्या वाळ्याचा वास निराळा सांगावा लागत नाही. छत्तीसगडमधील रायपूर शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पूर्वी अशा दिवसांत दारे-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावीत आणि त्यांवर पाणी शिंपडीत. पुढे तोच वाळा कूलरच्या जाळ्यांत जाऊन बसला. या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली अनेक मराठी कुटुंबे आहेत. चौबे कॉलनी या वसाहतीत त्यांच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. या कुटुंबांनी इकडच्या वाळ्याचा स्वीकार केला, तशी आपल्याकडची ओव्याची पुरचुंडीही सोडली नाही. तान्ह्या मुलाचे नाक चोंदले, की तव्यावर ओवा गरम करावा, तो मऊ फडक्यात बांधावा आणि ती पुरचुंडी मुलाच्या छातीला सोसवेल इतपत शेकावी, ही रीत मराठी घरांना सर्वत्र परिचित आहे.

वाळ्याची ताटी आणि ओव्याची पुरचुंडी ही दोन उदाहरणे एकत्र घेतली, म्हणजे सुगंधाने होणाऱ्या उपचारांविषयीचा मूळ प्रश्न स्पष्ट होतो. ताटीमुळे जो गारवा येतो तो मुख्यतः पाण्याच्या बाष्पीभवनाचा असतो. वाळ्याऐवजी साधे गवत लावले तरी खोली थंड होईलच. परंतु साध्या गवताच्या ताटीमागे बसलेल्या माणसाला तितके प्रसन्न वाटेल, असे मात्र म्हणता येणार नाही. ओव्याच्या पुरचुंडीतही उष्णतेचा वाटा किती, ओव्यातील द्रव्याचा किती आणि आईच्या हाताचा किती, हे वेगळे करणे सोपे नाही. गंधचिकित्सेचा शास्त्रीय अभ्यास म्हणजे हे निरनिराळे वाटे वेगळे करून पाहण्याचा प्रयत्न होय.

बाष्पनशील तेले

वनस्पतींमधील सुगंधी द्रव्यांना सामान्यतः तेल म्हणत असले, तरी तिळाचे किंवा शेंगदाण्याचे तेल आणि ही तेले यांत मूलभूत फरक आहे. तिळाच्या तेलाचा थेंब कागदावर टाकला तर कायमचा डाग पडतो. निलगिरीच्या तेलाचा थेंब टाकला तर काही वेळाने तो उडून जातो आणि कागद जवळजवळ पूर्ववत होतो. म्हणूनच या तेलांना बाष्पनशील किंवा उडनशील तेले म्हणतात. स्निग्धाम्लांशी त्यांचा संबंध नसतो. ती टर्पिने व तत्सम अनेक लहान रेणूंची मिश्रणे असतात आणि एकाच तेलात कित्येक घटक आढळतात. वनस्पतीला या द्रव्यांचा उपयोग परागीभवन करणाऱ्या कीटकांना आकर्षून घेण्यासाठी आणि भक्षक व बुरशी यांना दूर ठेवण्यासाठी होतो. मनुष्याने ती आपल्यासाठी वापरली, एवढेच.

ही तेले काढण्याची प्रमुख रीत म्हणजे ऊर्ध्वपातन. तिचे एक चांगले उदाहरण पूर्वीच्या खानदेश जिल्ह्यात पाहावयास मिळे. सातपुड्याच्या उतारांवर रोशा किंवा तिखाडी या नावाचे सुगंधी गवत वाढते. नंदुरबार, शहादा, तळोदा, पिंपळनेर, अक्राणी या भागांत पावसाळा संपून गवत फुलावर आले, की ओढ्याकाठी भट्ट्या लागत. मोठ्या लोखंडी कढईत गवत व पाणी भरून वर झाकण बसवीत, झाकणातून बांबूची नळी काढीत आणि तिचे दुसरे टोक ओढ्याच्या थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात सोडीत. वाफेबरोबर तेल नळीतून येई, थंड होई आणि पाण्यावर तरंगू लागे. शंभर किलो गवतापासून जेमतेम अर्धा किलोपर्यंत तेल मिळे. हेच रोशेल. महाराष्ट्रातील जुन्या घरांत सांधेदुखीवर चोळण्यासाठी त्याची बाटली असे.

या तेलाचा मोठा भाग मात्र देशाबाहेर जाई. एकोणिसाव्या शतकात ते मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या मार्गाने तुर्कस्तानात पोचे आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई. या भेसळीमागे रसायनशास्त्र आहे. रोशाच्या तेलात सुमारे ७५ ते ९० टक्के जिरॅनिऑल असते आणि गुलाबाच्या अत्तरातही तेच द्रव्य एक घटक म्हणून असते. एकच रेणू गवतात आणि फुलात तयार होतो. नाकाला तो कोठून आला याच्याशी कर्तव्य नसते. गंधचिकित्सेचा विचार करताना वनस्पतीच्या नावापेक्षा तिच्यातील रेणूंकडे लक्ष देणे का आवश्यक आहे, हे यावरून ध्यानात येईल.

जुनी परंपरा आणि नवे नाव

सुगंधाचा औषधी उपयोग भारतीय वैद्यकाला नवा नाही. सुश्रुतसंहितेत जखमी रुग्णाच्या खोलीला मोहरी, कडुनिंबाची पाने, तूप आणि मीठ यांचा धूप दिवसातून दोन वेळा, दहा दिवसपर्यंत द्यावा असे सांगितले आहे. बाळंतिणीच्या खोलीत दिली जाणारी ओवा, शेपा व वावडिंग यांची धुरी त्याच विचाराशी नाते सांगते. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्ती हा स्वतंत्र अध्याय असून, सोळा द्रव्यांच्या निरनिराळ्या प्रमाणांतील मिश्रणांपासून १,७४,७२० गंध सिद्ध होतात, असा हिशेब त्यात मांडला आहे. मराठी वाचकाला विशेष अभिमान वाटावा अशी एक गोष्ट याच संदर्भात सांगता येते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४०च्या दशकात गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’ या ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यांपैकी ‘गंधवादा’वर मराठी टीका आहे. सुगंधी द्रव्ये तयार करण्याची कृती मराठीत समजावून सांगण्याची गरज शतकांपूर्वीच भासली होती, असा याचा अर्थ होतो. हे दोन्ही ग्रंथ १९८९ मध्ये बडोद्याहून छापून प्रसिद्ध झाले.

आज ज्या नावाने ही चिकित्सा जगभर ओळखली जाते ते मात्र फ्रेंच आहे. रने-मोरिस गॅटफॉसे या फ्रेंच रसायनज्ञाने १९३७ साली ‘आरोमातेरापी’ या नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९१० साली प्रयोगशाळेतील एका स्फोटात त्याचे हात भाजले होते. जळणारा हात त्याने अजाणता लॅव्हेंडरच्या तेलाच्या भांड्यात बुडवला आणि तो तत्काळ बरा झाला, अशी कथा पुष्कळदा सांगितली जाते. त्याने स्वतः लिहिलेली हकीकत याहून साधी आहे. भाजलेल्या जखमांत कोथाची लागण झाल्यावर त्याने लॅव्हेंडरचे तेल लावले आणि रोग वाढण्याचे थांबले, एवढेच तो सांगतो. म्हणजे त्याच्या दृष्टीने हे तेल प्रथमतः जंतुनाशक होते. पुढे फ्रेंच लष्करी डॉक्टर झां वाल्ने याने १९६४ साली याच विषयावर ग्रंथ लिहिला. तेले पातळ करून अंगाला चोळण्याची पद्धत मार्गरिट मोरी हिच्या प्रयत्नांमुळे इंग्लंडमध्ये रूढ झाली. अशा रीतीने जंतुनाशक औषध म्हणून सुरू झालेली विद्या मन शांत करणारी चिकित्सा म्हणून अधिक प्रसिद्ध झाली.

नाकातून मेंदूकडे

सुगंध शरीरावर तीन मार्गांनी परिणाम करू शकतो : नाकातील गंधज्ञानाच्या द्वारे, त्वचेतून व फुप्फुसांतून रक्तात शिरून, आणि त्वचा व श्लेष्मकला यांतील इतर संवेदनाग्राहींना चेतवून. प्रथम पहिल्या मार्गाचा विचार करू.

नासागुहेच्या वरच्या टोकाला काही चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची एक लहानशी पट्टी असते. तिच्यात लक्षावधी गंधग्राही तंत्रिकापेशी असतात. त्यांची सूक्ष्म केसांसारखी टोके श्लेष्म्यात बुडालेली असतात. हवेतून आलेला सुगंधी रेणू या श्लेष्म्यात विरघळतो आणि टोकांवरील प्रथिनरूप ग्राहींना जाऊन चिकटतो. ही ग्राही प्रथिने तयार करणाऱ्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला आणि त्यासाठी त्यांना २००४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्यात कार्यक्षम अशा ग्राहींचे सुमारे चारशे प्रकार आहेत. एक रेणू अनेक ग्राहींना कमीअधिक प्रमाणात चेतवतो आणि एक ग्राही अनेक रेणूंना प्रतिसाद देतो. हार्मोनियमच्या मोजक्या पट्ट्यांतून असंख्य सुरावटी निघाव्यात, त्याप्रमाणे या चारशे ग्राहींच्या निरनिराळ्या मेळांतून असंख्य गंधांची ओळख पटते.

या पेशींचे तंतू कवटीच्या तळाशी असलेल्या चाळणीसारख्या हाडातून वर जाऊन मेंदूतील घ्राणकंदात पोचतात. येथे गंधज्ञानाचे एक वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे. दृष्टी, श्रवण व स्पर्श यांच्या संवेदना मेंदूच्या पृष्ठभागाकडे जाण्यापूर्वी थॅलॅमस नावाच्या मध्यवर्ती ठाण्यातून जातात. गंधाचा संदेश या ठाण्यावर न थांबता, भावना आणि स्मृती यांच्याशी संबंधित असलेल्या मेंदूच्या भागांपर्यंत थेट पोचतो. ओल्या मातीच्या किंवा जुन्या पेटीतील कापराच्या वासाबरोबर बालपणीचा एखादा प्रसंग नाव आठवण्याच्या आधीच मनात उभा राहतो, त्याचे कारण ही रचना होय. भावनांशी संबंधित असलेले हे भाग श्वसन, हृदयाचे ठोके आणि संप्रेरके यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्रांशी जोडलेले असतात. तेव्हा गंधाने श्वासाची लय किंवा मनाची अवस्था बदलावी, यात अद्‌भुत असे काही नाही.

रक्तात शिरणारे रेणू

दुसरा मार्ग अधिक सरळ आहे. सुगंधी रेणू आकाराने लहान आणि स्निग्ध पदार्थांत विरघळणारे असल्यामुळे ते त्वचेच्या बाहेरच्या थरातून काही प्रमाणात आत जाऊ शकतात. १९९२ साली व्हिएन्नातील संशोधकांनी लॅव्हेंडरचे तेल मिसळलेल्या साध्या तेलाने पोटाची त्वचा चोळून नंतर रक्ताची तपासणी केली. लॅव्हेंडरमधील लिनॅलूल आणि लिनॅलिल अ‍ॅसिटेट ही द्रव्ये पाच मिनिटांच्या आत रक्तात आढळली. त्यांचे प्रमाण सुमारे वीस मिनिटांनी सर्वाधिक झाले आणि दीड तासात ती बहुतांशी नाहीशी झाली. फुप्फुसांचे अस्तर त्वचेपेक्षा पुष्कळच पातळ असल्यामुळे श्वासावाटे आलेले रेणूही रक्तात शिरतात. यकृत त्यांत रासायनिक बदल घडवून आणते आणि मूत्रपिंडे त्यांना बाहेर टाकतात. काही अंश उच्छ्वासावाटे परत जातो.

या प्रयोगावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. अंगाला चोळलेले तेल केवळ कातडीवर राहत नाही, ही पहिली. आणि ते शरीरात फार काळ टिकतही नाही, ही दुसरी. जे द्रव्य रक्तात शिरते ते औषधाप्रमाणे गुण देऊ शकते, तसेच विषाप्रमाणे बाधूही शकते. नैसर्गिक असणे हे निर्धोक असण्याचे प्रमाण नव्हे.

गारव्याचा भास

तिसऱ्या मार्गाचे उत्तम उदाहरण पुदिन्याच्या जातीच्या वनस्पतींपासून मिळणारे मेंथॉल हे आहे. त्वचेत थंडी ओळखणारी एक ग्राही आहे. २००२ साली तिचा शोध लागला तेव्हा असे आढळले, की मेंथॉलही तीच ग्राही चेतवते. म्हणून मेंथॉल लावलेल्या जागेचे तापमान न घटताही तेथे गार वाटते. तापमान व स्पर्श यांच्या ग्राहींवरील संशोधनासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

चोंदलेल्या नाकाच्या बाबतीत हेच घडते. मेंथॉल हुंगल्यावर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. परंतु नाकातून जाणाऱ्या हवेला होणारा अडथळा मोजला असता तो कमी झालेला आढळत नाही. हवा अधिक येत नाही, ती येत असल्याची जाणीव तेवढी तीव्र होते. यामुळे हा उपाय निरुपयोगी ठरतो असे नाही. रात्री गुदमरल्यासारखे वाटणाऱ्या रुग्णाला ही जाणीवही झोप देऊ शकते. परंतु उपायाने काय साधते आणि काय साधत नाही, हे ठाऊक असलेले बरे.

भारतातील घरोघरी वापरले जाणारे मलम याच तत्त्वावर आधारलेले आहे. काशीनाधुनी नागेश्वर राव यांनी १८९३ साली मुंबईत ‘अमृतांजन’ तयार करण्यास प्रारंभ केला. अशा मलमांतील कापूर, मेंथॉल इत्यादी द्रव्ये त्वचेवर गारवा, ऊब किंवा हलकी चुरचुर उत्पन्न करतात. दुखऱ्या भागाकडून मेंदूकडे जाणाऱ्या वेदनेच्या संदेशांवर ही नवी संवेदना मात करते आणि दुखणे कमी भासते. दुखावलेल्या जागेवर माणूस आपोआप हात चोळतो, त्यामागेही हेच कारण आहे. रोशेल चोळल्याने सांध्याला जो आराम पडतो, त्यात चोळण्याचा वाटाही असाच मोलाचा समजला पाहिजे.

कसोटीला उतरलेले उपयोग

सुगंधी तेलांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या गुणांची यादी फार लांब आहे. काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांतून ज्यांना आधार मिळाला आहे असे उपयोग त्यामानाने थोडे आहेत. पण ते महत्त्वाचे आहेत.

लवंगेच्या तेलातील यूजेनॉल हे द्रव्य जागा बधिर करणारे आणि जंतुनाशक आहे. दाढदुखीवर लवंग धरण्याची आजीबाईंची रीत दंतवैद्यांनीही मान्य केली, असे म्हणता येईल. कारण झिंक ऑक्साइड आणि यूजेनॉल यांचे मिश्रण दातांच्या तात्पुरत्या भरणीसाठी दीर्घकाळ वापरात आहे. ओव्यातील थायमॉल म्हणजे ओव्याचे फूल हेही प्रभावी जंतुनाशक असून अनेक मुखधावनांत असते. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातील ओवा जर्मनीला जाई आणि तेथे त्यापासून थायमॉल काढले जाई. त्या काळी आतड्यांतील अंकुशकृमींवरही ते पोटात देत. पुढे अधिक सुरक्षित औषधे मिळाल्यावर ती प्रथा बंद पडली.

पेपरमिंटचे तेल आतड्याच्या स्नायूंची आकुंचने शिथिल करते. जठरात न विरघळता आतड्यात विरघळेल असे वेष्टन असलेल्या कॅप्सूलमधून ते दिल्यास, वारंवार पोटात मुरडा येणाऱ्या क्षुब्ध आतड्याच्या विकारात आराम पडतो, असे अनेक चाचण्यांत दिसून आले आहे. ऑस्ट्रेलियात १९९० साली मुरमांच्या १२४ रुग्णांवर केलेल्या चाचणीत ५ टक्के टी-ट्री तेलाची तुलना ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडशी करण्यात आली. दोहोंनी मुरुमे कमी झाली. तेलाचा गुण उशिरा आला, पण त्वचेला त्याचा त्रासही कमी झाला. जर्मनीत विशेष प्रकारे तयार केलेल्या लॅव्हेंडर तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल चिंता व अस्वस्थता यांवर औषध म्हणून मान्यता पावली आहे. येथे हे लक्षात ठेवावे, की अशी औषधे प्रमाणित मात्रेत तयार केलेली असतात. बाजारातील बाटलीतील तेल पोटात घेणे म्हणजे तेच औषध घेणे नव्हे.

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला वाटणारी भीती लॅव्हेंडर हुंगवल्याने काहीशी कमी होते, असेही अनेक रुग्णालयांतील निरीक्षणे सुचवतात. याउलट स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची अस्वस्थता किंवा कर्करोगाच्या रुग्णांच्या वेदना यांवर गंधचिकित्सेचा निश्चित गुण येतो, असे म्हणण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही. कोणताही सुगंध कर्करोग, मधुमेह किंवा क्षयरोग बरा करीत नाही. अशा आशेवर आवश्यक उपचार लांबणीवर टाकणे प्राणघातक ठरू शकते.

मनाचा वाटा

गंधचिकित्सेची चाचणी घेणे अन्य औषधांच्या मानाने कठीण असते. गोळीच्या बाबतीत तशीच दिसणारी निर्गुण गोळी देता येते. वासाच्या बाबतीत रुग्णाला आपण काय हुंगत आहोत ते तत्काळ कळते आणि त्या वासाविषयीच्या त्याच्या समजुती लगेच काम करू लागतात.

अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात झालेली आणि २००८ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी या दृष्टीने उद्‌बोधक आहे. ५६ निरोगी व्यक्तींना लिंबाचा वास, लॅव्हेंडरचा वास आणि गंधहीन पाणी यांच्या सान्निध्यात निरनिराळ्या दिवशी ठेवण्यात आले. लिंबाच्या वासाने त्यांची मनःस्थिती सुधारली. परंतु वेदना सोसण्याची शक्ती, त्वचेची दुरुस्ती आणि ताणाशी संबंधित संप्रेरके यांत कोणत्याही वासाने लाभ झाल्याचे दिसले नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात, लॅव्हेंडरने मन शांत होते की नाही हे वासापेक्षा आधी सांगितलेल्या अपेक्षेवर अधिक अवलंबून असल्याचे आढळले.

याचा अर्थ गंधाचा आनंद खोटा आहे असा नव्हे. मनःस्थिती सुधारणे हाही एक लाभच आहे. दीर्घ आजाराने कंटाळलेल्या रुग्णाच्या उशाशी ठेवलेली मोगऱ्याची ओंजळ त्याचा रोग हरण करणार नाही. पण दिवसातील एक घटका सुखाची करील. वैद्यकात सांत्वनाला स्थान आहे. मात्र सांत्वनाला उपचार म्हणून विकले जाते, तेव्हा रुग्णाची फसवणूक होते.

सावधगिरी

सुगंधी तेलांचे धोके बहुधा तीन कारणांनी उद्‌भवतात : मात्रा, वय आणि अशुद्धता.

मात्रेचे उदाहरण विंटरग्रीनच्या तेलाचे आहे. सांधेदुखीच्या मलमांत असणाऱ्या या तेलात मेथिल सॅलिसिलेट जवळजवळ शुद्ध स्वरूपात असते. त्याच्या एका चमच्यात, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटरमध्ये, वीसहून अधिक अ‍ॅस्पिरिन गोळ्यांइतके सॅलिसिलेट असते. एवढे तेल लहान मुलाने गिळल्यास मृत्यू ओढवू शकतो. तेले नेहमी तीळ किंवा खोबरेल यांसारख्या तेलात पातळ करूनच लावावीत. शंभर भागांत एक ते तीन भाग हे प्रमाण अंगाला चोळण्यास पुरेसे असते. बर्गामॉटसारख्या लिंबूवर्गीय फळांच्या सालीतून पिळून काढलेली काही तेले लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते. दम्याच्या रोग्याला तीव्र वासाने धाप लागू शकते.

वयाच्या बाबतीत कापराविषयी विशेष सांगितले पाहिजे, कारण तो प्रत्येक देवघरात असतो. पांढऱ्या वड्या मुलांना खडीसाखरेसारख्या दिसतात. कापूर पोटात गेल्यास थोड्याच वेळात अपस्मारासारखे झटके येऊ शकतात. अमेरिकेत १९८०च्या दशकापासून अंगाला लावण्याच्या औषधांतील कापराचे प्रमाण ११ टक्क्यांहून अधिक ठेवण्यास मनाई आहे. तान्ह्या मुलाच्या नाकाजवळ कापूर किंवा मेंथॉल असलेले मलम कधीही लावू नये. त्याने श्वास रोखला जाण्याचा संभव असतो. ओव्याच्या पुरचुंडीने शेक देतानाही तिची उष्णता आधी स्वतःच्या मनगटावर पाहावी. निलगिरीचे तेल मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावे. वाफारा घेताना उकळत्या पाण्याचे भांडे कलंडून मुले भाजल्याच्या घटना वारंवार घडतात, हेही विसरू नये.

अशुद्धतेचे सर्वांत गंभीर उदाहरण अलीकडचे आहे. २०२१ साली अमेरिकेतील जॉर्जिया, कॅन्सस, मिनेसोटा आणि टेक्सस या चार राज्यांत मेलिऑयडोसिस या उष्ण प्रदेशातील रोगाचा प्रत्येकी एक रुग्ण आढळला. त्यांपैकी कोणीही परदेशी प्रवास केलेला नव्हता. चौघांपैकी दोघे दगावले, त्यांत एक मूल होते. शोधाअंती या रोगाचे जंतू लॅव्हेंडर व कॅमोमाइल यांचा गंध असलेल्या, खोलीत फवारण्याच्या एका द्रवात सापडले. हा द्रव भारतात तयार झालेला होता. तो बाजारातून परत घेण्यात आला. या जंतूंचा अधिवास उष्ण प्रदेशातील माती व पाणी यांत असतो. म्हणजे जंतुनाशक म्हणून ख्याती असलेल्या वनस्पतींच्या नावाने विकल्या गेलेल्या बाटलीतच जंतू वाढले होते. मन शांत करण्यासाठी विकत घेतलेली वस्तूही औषधाइतक्याच कसोशीने तपासली गेली पाहिजे, हा या घटनेचा धडा आहे.

हरवलेला गंध

आतापर्यंत गंधाने शरीरावर काय परिणाम होतो याचा विचार केला. गंधच हरवला तर काय होते, याचा अनुभव २०२० नंतर असंख्य लोकांनी घेतला. कोविडच्या साथीत अनेकांचे गंधज्ञान गेले. बहुतेकांना ते काही आठवड्यांत परत मिळाले. काहींना मात्र महिनोन्‌महिने वरणाची फोडणी, उदबत्ती किंवा गळणारा गॅस यांतील काहीच कळेना. अन्न बेचव झाले, भूक मंदावली आणि मन उदास झाले. गंधाची किंमत तो गेल्यावर कळते.

अशा रुग्णांसाठी गंधचिकित्सेचा एक साधा आणि निरुपद्रवी प्रकार उपयोगी पडतो. २००९ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संशोधकांनी गंधज्ञान मंद झालेल्या रुग्णांना गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग यांचे वास सकाळ-संध्याकाळ हुंगण्यास सांगितले. बारा आठवड्यांनंतर, असा सराव न केलेल्या रुग्णांच्या मानाने त्यांची सुधारणा अधिक झाल्याचे आढळले. गंधग्राही पेशी शरीरातील अशा थोड्या तंत्रिकापेशींपैकी आहेत, की ज्या आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. सरावाने या नव्या पेशींना आणि त्यांचे संदेश वाचणाऱ्या मेंदूला चालना मिळते, असे मानले जाते. प्रत्येक वास काही क्षण शांतपणे हुंगावा, तो पूर्वी कसा वाटत असे हे आठवावे आणि लगेच गुण आला नाही म्हणून सराव सोडू नये, एवढेच या उपचारात करावयाचे असते. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग या चारही वस्तू कोणत्याही घरात सहज मिळतात. कोणतेही महाग यंत्र लागत नाही.

गंधचिकित्सेच्या बाजूने आणि विरुद्ध जे काही बोलले जाते, त्यातून निवडून घ्यावयाचा निष्कर्ष असा, की सुगंधी द्रव्ये ही खरी रासायनिक द्रव्ये आहेत आणि त्यांचे परिणामही खरे आहेत. ते मर्यादित आहेत, एवढेच. रायपूरच्या उन्हाळ्यात खोली थंड करण्याचे काम पाणी करते आणि वाळा त्या गारव्याला ओळखीचा वास देतो. पाण्याचे काम वाळ्यावर सोपवू नये आणि वाळ्याचा आनंद पाण्यावाचून व्यर्थ समजू नये. औषध आणि सुगंध यांचा संबंधही असाच जाणून घेतला, तर दोहोंपासूनही लाभ होईल.